दिवेलागणीचा पाठभेद

मराठीच्या अध्यापकाने घरातल्या वाय-फायच्या बिघाडावर लिहावे, हे अनेकांना अनधिकार वाटेल. तसे ते आहेही. परंतु गेल्या कार्तिकापासून चैत्रापर्यंत ज्या एका बिघाडाचा मला पाठलाग करावा लागला, त्याने माझ्याच विषयातली एक जवळजवळ विस्मरणात गेलेली शाखा मला पुन्हा शिकवली. म्हणून हा प्रपंच. प्रतिपादन थोडक्यात असे की, दोष कोणाचा हे धीराने ठरवण्याची जी शिस्त पाठचिकित्सेने निर्माण केली, ती आपण एखाद्या प्रश्नपत्रिकेतल्या टिपेपुरती शिल्लक ठेवली आहे. आणि तिच्या अभावाची किंमत आपण वर्गात, घरात आणि परीक्षेच्या तक्त्यात मोजतो आहोत.

आधी हकिकत सांगितली पाहिजे. साताऱ्याच्या एका जुन्या पेठेत आमचे घर आहे. काळ्या दगडाच्या, दीड-दोन हात जाडीच्या भिंती; ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, आणि मागच्या परसात पुढे केव्हातरी बांधून काढलेली एक खोली. मी सांगलीला शिकवतो. कराडवरून सुमारे सव्वाशे किलोमीटरची वाट असल्याने आठवड्याला एक फेरी होते. गेल्या पावसाळ्यात वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी वाचले, वाचा गेली. वैद्यकशास्त्रात ज्याला वाचाघात म्हणतात तो हा प्रकार: माणसाला समजते, सांगायचेही असते, पण शब्द हाताशी येत नाही. आयुष्यभर बोलण्यावर उपजीविका केलेल्या माणसाला तो चमच्याकडे पाहून ‘चमचा’ म्हणता येत नाही, हे पाहणे घरच्यांना सोपे नसते.

मिरजेच्या एका वाचोपचारतज्ज्ञ बाईंनी त्यांना तपासले आणि उपचारांची दिशा ठरवून दिली. साताऱ्याहून मिरजेला आठवड्यातून तीनदा नेणे अशक्य, म्हणून संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉलवर सराव घ्यायचे ठरले. चित्र दाखवायचे, नाव सांगायचे. वाक्याचा आरंभ त्यांनी करायचा, शेवट वडिलांनी. परसातल्या खोलीत, जिथे ते झोपतात, तिथे नेट पोचत नव्हते. त्यासाठी मेश पद्धतीची तीन यंत्रे आणली. आई त्यांना ‘डब्या’ म्हणते आणि मीही इथे तोच शब्द वापरतो. पहिली डबी ओसरीवर, जिथे बाहेरून फायबरची तार येते, दुसरी माजघरात, तिसरी वडिलांच्या उशाशी. तिसरीने पहिल्या आठवड्यापासूनच दगा द्यायला सुरुवात केली.

दगा असा की, ती बंद पडत नसे. बंद पडती तर बदलून घेता आली असती. ती चालायची, अडखळायची, दिवा तांबडा करायची, पुन्हा हिरवा करायची. फोनवर रेंजच्या सगळ्या रेघा भरलेल्या असत आणि तरी चित्र गोठलेले असे. यंत्र पुरवणाऱ्या दुकानाचा मुलगा दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा भर दुपारी. दोन्ही वेळा सगळे सुरळीत. त्याने डबी बंद करून चालू केली, आणि जाताना “काही झालं तर एकदा बंद-चालू करा” असा सल्ला दिला. आईने त्याला सांगितले, “अरे बाळा, दिवसभर बरं असतं. दिवा लावला की जातं.” तो हसून म्हणाला, “मावशी, राउटरला दिव्याचं काय कळतंय?” मीही हसलो. हे नोंदवून ठेवले पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या चुकीचे मूळ त्या हसण्यात आहे.

दोन महिन्यांनी बाईंचा अहवाल आला. प्रत्यक्ष भेटीत रुग्णाने जेवढी वाक्ये पूर्ण केली होती, तेवढीही आता होत नाहीत. शब्दांच्या मधले विराम वाढले आहेत. शब्दांची शेवटची अक्षरे गळतात. प्रगती थांबली असून किंचित पीछेहाट आहे, असा त्याचा आशय होता. आईने तो अहवाल माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग म्हणाली, “पण सकाळी माझ्याशी बोलतात तेव्हा इतकं अडत नाही रे.” तेव्हा प्रथमच मनात प्रश्न आला की, मधली अक्षरे जी गळत आहेत, ती नेमकी कोणाची? वडिलांची की जाळ्याची?

या प्रश्नाचे गांभीर्य कळण्यासाठी थोडा तांत्रिक तपशील आवश्यक आहे. आवाज नेटवरून सलग जात नाही. त्याचे सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढाले तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे रवाना होतो. वाटेत काही तुकडे हरवले, तर पलीकडचे यंत्र गप्प बसत नाही. आधीच्या तुकड्यावरून अंदाज बांधून ते रिकामी जागा भरते. आधीचा स्वर किंचित ताणते, किंवा हळूहळू विरत नेते. हेतू असा की ऐकणाऱ्याला खाच जाणवू नये. निरोगी माणसाच्या बोलण्यात हे खपून जाते, कारण ऐकणारा अर्थावरून उरलेले भरून घेतो. परंतु जिथे अडखळणे हेच लक्षण आहे, तिथे यंत्राने भरलेली ही जागा नेमकी रोग्याच्या अडखळण्यासारखी ऐकू येते. बाईंचे काही चुकले नव्हते. त्यांच्यापर्यंत जो पाठ पोचत होता, तो त्यांनी प्रामाणिकपणे वाचला होता. पाठच भ्रष्ट होता, आणि तो भ्रष्ट करणाऱ्या लेखनिकाने आपली खूण पुसून टाकली होती.

हस्तलिखितांचा ज्यांना थोडाफार परिचय आहे, त्यांना हा लेखनिक ओळखीचा वाटेल. मूळ पोथीत कसर लागून दोन अक्षरे गेली की प्रामाणिक नकलाकार जागा कोरी सोडतो. हुशार नकलाकार ती आपल्या बुद्धीने भरतो. कोरी जागा निदान स्वतःचे नाव सांगते. भरलेली जागा कवीच्या नावावर जमा होते, आणि पुढे तिच्या आधाराने कवीच्या प्रतिभेविषयी मते बनतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न हाच होता: ज्ञानदेवांनंतरच्या सुमारे तीन शतकांत ग्रंथात जे शिरले, त्यातले ज्ञानदेवांचे कोणते आणि मधल्या हातांचे कोणते? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीमागेही, बाराशेहून अधिक हस्तलिखिते पडताळण्याच्या त्या अवाढव्य खटाटोपामागेही, हाच प्रश्न होता. दोष मूळचा की वाटेतला, हे ठरल्याशिवाय अर्थाविषयी बोलण्याचा अधिकार येत नाही, ही त्या परंपरेची शिकवण आहे.

मी ही शिकवण दरवर्षी वर्गात तासाभरात उरकतो. आता ती घरी लावायची होती.

पहिला धडा: वाटेचे टप्पे वेगळे करा. ‘नेट गेलं’ हे आपले सर्वसमावेशक वाक्य आहे, आणि म्हणूनच ते निरुपयोगी आहे. बाहेरची तार मेली तरी नेट गेलं, पहिली डबी अडकली तरी नेट गेलं, दोन डब्यांमधला बिनतारी दुवा तुटला तरी नेट गेलं, फोन आणि डबी यांच्यात बेबनाव झाला तरी नेट गेलं. चार निरनिराळे आजार आणि नाव एकच. ओसरीवर पहिल्या डबीशेजारी उभे राहून तपासले. तिथे संध्याकाळीही सर्व ठीक होते. म्हणजे बाहेरची तार निर्दोष. माजघरातही ठीक. दोष तिसरी डबी आणि दुसरी डबी यांच्यामध्ये, किंवा तिसऱ्या डबीच्या पोटात. फोनवरच्या भरलेल्या रेघांचा अर्थही इथे उलगडला. त्या रेघा फोन आणि उशाशी असलेली डबी यांच्यातल्या सख्याच्या असतात. त्या डबीचा पुढच्या डबीशी संबंध उरला आहे की नाही, याविषयी त्या काहीही सांगत नाहीत. शेवटच्या प्रतीचे सुवाच्य अक्षर पाहून मूळ पाठ शुद्ध आहे असे समजण्यासारखेच ते.

दुसरा धडा: एका वेळी एकच गोष्ट बदला. घाईत असलेला माणूस डबी हलवतो, तिचा चॅनेल बदलतो, नवे सॉफ्टवेअर चढवतो आणि सगळे एकाच संध्याकाळी करतो. त्यातून सुधारणा झाली तरी ज्ञान होत नाही. मी दुसरी आणि तिसरी डबी एकमेकींच्या जागी ठेवल्या, बाकी काही हलवले नाही. संध्याकाळी बिघाड झाला तो परसातल्या खोलीतच. म्हणजे सदोष ठरवलेली डबी माजघरात निमूट काम करत होती आणि निर्दोष डबी मागे जाऊन अडखळू लागली होती. दोष लेखनिकाचा नव्हता, जागेचा होता. ही अदलाबदल पाच मिनिटांची आहे. ती न करता आम्ही ते यंत्र परत करायला निघालो होतो.

तिसरा धडा: स्मरणावर विसंबू नका, नोंद ठेवा. अधूनमधून होणाऱ्या बिघाडाविषयी माणसाची स्मृती फार अविश्वसनीय असते. तो जेव्हा नडला तेवढाच लक्षात राहतो. मी जानेवारीपासून एक वही घातली. डबी जेव्हा जेव्हा तुटे, ती वेळ फोनमधल्या तिच्या ॲपमध्ये दिसत असे. मी सांगलीहून ती उतरवून घेऊ लागलो. बंद-चालू करण्यावर मात्र बंदी घातली, कारण त्याने घटकाभर बरे वाटते आणि पुरावा पुसला जातो. वैद्याला दाखवण्याआधी तापावर गोळी घेण्यासारखे ते आहे.

तोपर्यंत माझा सिद्धांत गर्दीचा होता. संध्याकाळी पेठेतल्या प्रत्येक घरात वाय-फाय चालू असते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात परस्परांच्या वाटेत न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात जागा जास्त, पण त्या लहरी भिंतीतून कमी आरपार जातात. तेव्हा शेजाऱ्यांच्या गोंगाटात आमची डबी गुदमरत असावी, असे मी मानले. सिद्धांत सुबक होता, शास्त्रीय होता, आणि कोणालाही पटण्यासारखा होता. चॅनेल बदलून पाहिले. फरक पडला नाही. तरी मी सिद्धांत सोडला नाही. सुबक सिद्धांत सोडवत नाही, हे समीक्षेच्या वाचकांना निराळे सांगायला नको.

वहीने तो सोडवला. जानेवारीच्या आरंभी पहिली तुटण्याची वेळ सव्वासहाच्या आसपास होती. फेब्रुवारीत ती साडेसहाच्या पुढे सरकली. एप्रिलच्या मध्याला सातला पाच-सात मिनिटे कमी. शेजारच्यांची गर्दी घड्याळाप्रमाणे होते. शाळा, नोकरी, मालिका यांच्या वेळा ऋतूप्रमाणे हलत नाहीत. हा बिघाड सूर्याप्रमाणे हलत होता. मावळतीबरोबर पुढे जाणारी आमच्या घरात एकच गोष्ट होती, आणि ती मला नोव्हेंबरातच सांगण्यात आली होती. दिवा लावला की जातं.

पाठचिकित्सेत एक प्रसिद्ध तत्त्व आहे. दोन पाठांपैकी एक सोपा आणि एक विचित्र असेल, तर विचित्र पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक. कारण नकलाकार कठीण शब्द सोपा करतो, सोपा शब्द मुद्दाम कठीण करत नाही. आईचे वाक्य हा आमच्यापुढचा कठीण पाठ होता. दुकानातल्या मुलाने तो ‘संध्याकाळी जातं’ असा सोपा करून घेतला. मी तो ‘गर्दीच्या वेळी जातं’ असा आणखी सोपा केला. दोघांनीही दिवा काढून टाकला, कारण दिव्याचा आणि लहरींचा संबंध आमच्या ज्ञानात बसत नव्हता. सुशिक्षित नकलाकार करतो तेच आम्ही केले. पाठ आपल्याला कळत नाही तेव्हा तो चुकीचा आहे असे ठरवून टाकले.

त्या शनिवारी मी साताऱ्याला मुक्काम केला आणि दिवेलागणीला आई काय काय करते ते नुसते पाहत बसलो. तिने तुळशीपाशी दिवा लावला, देवापाशी लावला. पुढचे दार सताड उघडले. आणि मग माजघरातून परसाकडे जाणारे मागचे दार ओढून घेऊन अडसर घातला. तिन्हीसांजेला लक्ष्मी पुढच्या दाराने येते आणि मागच्या दाराने निघून जाते, म्हणून पुढचे उघडे ठेवायचे आणि मागचे लावायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. वडिलांच्या खोलीत जायला स्वयंपाकघराकडून दुसरी अरुंद वाट आहे, त्यामुळे कोणाची अडचण होत नाही. कोणाची म्हणजे माणसांची. मागच्या दाराला पावसाच्या झडीपासून बचाव म्हणून वडिलांनीच कधीकाळी बाहेरून पूर्ण पत्रा मारून घेतला होता. माजघरातली डबी आणि परसातली डबी यांच्यामध्ये दोन हात जाडीची दगडी भिंत होती, आणि त्या भिंतीतली एकमेव फट म्हणजे ते दार. दिवसभर लहरी त्या उघड्या दारातून ये-जा करत होत्या. दिवा लावला की पत्रा आडवा येत होता. धातूच्या सलग पत्र्यावरून लहरी परततात. जे काही थोडेफार पलीकडे झिरपत होते, त्यावर डबी मरत-जगत होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी ते दार लावले. तीन-चार मिनिटांत दिवा तांबडा झाला. उघडले, हिरवा झाला. तीनदा करून पाहिले, तीनदा तेच. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. “मी सांगितलं होतं ना,” एवढेच म्हणाली आणि आत गेली.

उपाय काय करायचा यावर थोडा वाद झाला. संध्याकाळी दार उघडे ठेवावे, असे मी सुचवून पाहिले. मांजरे, डास आणि लक्ष्मी या तिन्ही कारणांनी ते फेटाळले गेले, आणि योग्यच झाले. घराने यंत्रासाठी आपली रीत का बदलावी? मग वळचणीखालून, पावसाला न लागेल अशी, चाळीसेक फूट लॅनची तार माजघरातून मागच्या खोलीपर्यंत नेली आणि दोन डब्या तारेने जोडल्या. आता दार लागले काय नि उघडले काय, डबीला त्याचे काही नाही. वास्तविक तीन डब्या अशा ओळीने ठेवल्या तर त्याला जाळे म्हणणेच चूक आहे. ती साखळी असते. जाळ्यात एक वाट बंद झाली की दुसरी असते. याच मुलखात, सातारा आणि सांगली हा एकच जिल्हा होता त्या काळात, नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे गट गावोगाव पसरलेले होते. एका गटावर धाड पडली म्हणून बाकीच्यांचे काम थांबत नसे. ते जाळे. आमच्या घरात मधला एक दुवा गेला की शेवटचा माणूस एकटा पडत होता.

बाईंना सर्व कळवले. त्यांनी पूर्वीचे निष्कर्ष बाजूला ठेवून नव्याने मोजमाप घेतले. इथे गोड शेवटाची अपेक्षा करू नये. वडिलांचे काही शब्द खरोखरच गळतात. विशेषतः जोडाक्षरे आणि वाक्याचे क्रियापद. ते जाळ्याचे नव्हते, त्यांचेच होते, आणि आजही आहेत. परंतु पीछेहाट नव्हती. त्यांनी जे मिळवले होते ते वाटेत हरवत होते, आणि हरवल्याचा दोष त्यांच्या मेंदूवर ठेवला जात होता. सुमारे पाच महिने एक माणूस वाक्य पूर्ण करत होता आणि पलीकडून त्याला, “पुन्हा एकदा प्रयत्न करा,” असे सांगितले जात होते. त्या काळात त्यांना काय वाटले असेल, हे ते सांगू शकत नाहीत.

आता या हकिकतीचा आपल्या व्यवसायाशी संबंध. २०२० आणि २०२१ या महासाथीच्या वर्षांत आपण सर्वांनी पडद्यावरून शिकवले. माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंतच्या गावांतून मुले एका फोनवर, कधी भावंडांशी वाटून घेतलेल्या, वर्गात येत होती. माझ्या तोंडी परीक्षेत एका विद्यार्थ्याने तीन प्रश्नांना उत्तरच दिले नाही. चौथ्याला अर्धवट दिले. मी तक्त्यात ‘तयारी नाही’ असा शेरा लिहिला. तो शेरा लिहिताना माझ्यापुढे दोन पाठ होते: मुलगा गप्प होता, किंवा मुलाचे बोलणे पोचत नव्हते. मी सोपा पाठ घेतला. वाटेचे टप्पे वेगळे केले नाहीत, जागा बदलून पाहिली नाही, नोंद ठेवली नाही. तो मुलगा पुढे कुठे गेला, मला माहीत नाही. असे शेरे एकट्या मीच लिहिले असतील असे वाटत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. असे म्हणत गेले तर कोणाचाच दोष कधी ठरणार नाही. प्रत्येक अपयश वाटेवर ढकलता येईल. नापास झालेला प्रत्येक विद्यार्थी राउटरकडे बोट दाखवील. उत्तर असे की, शिस्त दोन्ही बाजूंनी चालते. याच चौकशीने वडिलांचे काही दोष त्यांचेच आहेत हेही ठरवले, आणि ते ठरल्यामुळेच त्यांच्यावर नेमके उपचार सुरू झाले. पाठचिकित्सा कवीला निर्दोष ठरवण्यासाठी नसते. कवीचा दोष कवीच्या नावे आणि लेखनिकाचा लेखनिकाच्या नावे मांडण्यासाठी असते. करुणा आणि चौकशी यांत गल्लत करू नये. पण चौकशीवाचूनचा निवाडा हा दोहोंपैकी काहीच नव्हे.

दुसरी गोष्ट भाषेची. साताऱ्याहून तासाभराच्या वाटेवर वाई आहे. तिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले, १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला, आणि आधुनिक ज्ञान मराठीत मांडण्यासाठी परिभाषा घडवावी लागते, हे एका संस्कृत पंडिताने जाणले. परिभाषेच्या जडपणाची चेष्टा आपण पुष्कळ केली. पण परिभाषेचे खरे काम भेद करणे हे असते. ज्या भाषेत चार बिघाडांना ‘नेट गेलं’ हे एकच नाव आहे, तिच्यात बिघाड शोधता येत नाही. मग शोधण्याचे काम इंग्रजी ॲप वाचू शकणाऱ्याकडे जाते आणि जिने प्रत्यक्ष पाहिले आहे ती हास्यास्पद ठरते. माझ्या आईकडे निरीक्षण होते, काळाचे अचूक भान होते, कार्यकारणाचा सांधाही होता. नव्हता तो आमच्या कानांना मान्य होईल असा शब्द. ‘दुवा तुटतो’, ‘वाट अडते’ असे साधे शब्द आपण वापरू लागलो, तरी बरेच साधेल.

शांतता वाईट असते असे नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला, आणि दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा परिपाठ गावाने घालून घेतला. म्हणजे आमच्या घरी वडिलांचा सराव ज्या वेळी कोलमडत होता, त्याच वेळी शंभरएक किलोमीटरवर एक गाव स्वेच्छेने गप्प होत असे. फरक एवढाच की, त्या शांततेचे कारण गावातल्या प्रत्येकाला माहीत होते. ती कोणाच्या मंदबुद्धीवर, आळसावर किंवा आजारावर जमा होत नव्हती. ज्या शांततेचा कर्ता ठाऊक नसतो, ती मात्र नेहमी सर्वांत दुबळ्या माणसाच्या खात्यावर लिहिली जाते. आमच्या घरी तो माणूस खाटेवर होता. वर्गात तो शेवटच्या बाकावर असतो.

म्हणून अभ्यासक्रम आखणाऱ्या मंडळींना एक विनंती. पाठचिकित्सा हा विषय जुन्या पोथ्यांबरोबर गुंडाळून ठेवू नये. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला एखादी ओवी देऊन, तिचे चार हस्तलिखितांतले चार पाठ देऊन, कोणता दोष कोणाचा हे सिद्ध करायला लावावे. आणि सिद्ध होत नसेल तर तसे लिहून जागा कोरी सोडायला शिकवावे. हे शिकलेला विद्यार्थी पुढे कवितेचा समीक्षक होईल किंवा होणार नाही. तो शिक्षक झाला, डॉक्टर झाला किंवा राउटर दुरुस्त करणारा झाला, तरी म्हातारी बाई ‘दिवा लावला की जातं’ असे म्हणाली, तर तो हसणार नाही. संध्याकाळपर्यंत थांबेल.

तार घातल्यानंतरच्या पहिल्या सरावाला मी खोलीत होतो. बाईंनी पेल्याचे चित्र दाखवले. वडील बराच वेळ थांबले. पडदा गोठला आहे की काय, म्हणून मी सवयीने डबीकडे पाहिले. दिवा हिरवा होता. विराम त्यांचा होता. मग ते “पेला” म्हणाले.